कुलूप माझं आणि बोंब सगळ्या बिल्डिंगची

...आणि वर मलाच विचारतात, 'काकाजी, आप को तकलीफ़ क्या है?' मला तकलीफ! अहो, माझ्या कुलपामुळं एक माणूस संध्याकाळी घरी जेवायला गेला, आणि तकलीफ मला! तुम्हाला सांगतो, या देशात वीज एवढी माणसं मारत नाही, जेवढी ती तीन शब्दांची म्हण मारते. कुठली? अहो, इथं जयपुरात पाऊल टाकल्यापासून दिवसाला चाळीस वेळा ऐकतोय... 'अजी, कुछ नहीं होता!'

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं म्हातारा उन्हानं तापलाय. मी संभाजी खोचरे. मूळचा मिरजेकडचा, पण मिरजेत राहिलो किती? अठरा वर्षं. बाकी आयुष्य लष्कराच्या बांधकाम खात्यात, विजेच्या विभागात, या छावणीतून त्या छावणीत. शेवटची बदली जयपूरची, मुलाला नोकरी इथंच बँकेत लागली, मग विद्याधर नगरात चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आलो निवांत राहायला. निवांत! हे बघा, हसू नका.

तर मे महिना. बाहेर पंचेचाळीस. आमच्या पार्किंगमध्ये बिल्डिंगचं मेन पॅनेल आहे, माणसाएवढं उंच लोखंडी कपाट. त्यात तांब्याच्या जाड पट्ट्या, सगळ्या चोवीस घरांची वीज त्या पट्ट्यांवरून जाते. त्यातनं चार दिवस झाले जळक्या रबराचा वास येत होता. मी सेक्रेटरींना सांगितलं, खंडेलवालजींना. माणूस वाईट नाही हो, बोलायला साखर, पण ऐकायला? 'काकाजी, वो तो नाली की बदबू है।' नाली की! अहो, पस्तीस वर्षं मी तो वास घेतलाय, मला गटार आणि गरम झालेली जोडणी यांतला फरक कळत नाही? पाचव्या दिवशी तळमजल्यावरच्या बाईंच्या फ्रिजनं धूर काढला, मग पटलं. आणि लगेच इलेक्ट्रिशियन बोलावला. बनवारी.

बनवारी इथल्या जवळच्या चौमू गावचा. रोज मोटरसायकलवरून येतो, इकडची सगळी कामं त्याच्याकडं. चांगला हात आहे त्याचा, मी खोटं बोलणार नाही, वायर अशी वळवतो जशी बाई वेणी घालते. पण पायात? रबराची चप्पल, अंगठा तुटलेला, त्याला सेफ्टी पिन... लोखंडाची! खिशात टेस्टर, कमरेला पाना, झालं सामान. आला, पॅनेलचं दार उघडलं, आत डोकावला आणि म्हणाला, "पट्टी का नट ढीला है, जल गया है। बीस मिनट का काम है। चालू में ही कर देता हूँ।"

चालू में!

म्हटलं, "बाबा रे, चालू म्हणजे? आत वीज असताना?"

"हाँ सा। लाइट बंद करेंगे तो लोग चिल्लाएँगे।" 'सा' म्हणजे इकडचं 'साहेब'.

"आणि हात लागला तर?"

"कुछ नहीं होता। लकड़ी पे खड़ा हूँ ना।" आणि पायाखालचा प्लायवूडचा तुकडा मला दाखवतोय. मी वाकून बघितलं तर काय! सकाळी गाड्या धुतलेल्या, पार्किंगभर पाणी, आणि तो तुकडा असा भिजलेला, की पिळला असता तर वाटीभर पाणी निघालं असतं. म्हटलं, लाकूड नाही हे, हे लाकडाचं सरबत आहे! तर त्यानं बाही वर करून कोपराजवळचा व्रण दाखवला, पांढरा, चकाकता. म्हणतो कसा, "ये देखो, चार सौ चालीस का है। कुछ हुआ? सामने खड़ा हूँ।" आता मला सांगा, ज्याला झालं, तो समोर उभा राहून सांगतो काही होत नाही. ज्यांना खरंच झालं, ते सांगायला येतात का हो? त्यांची सभा कधी भरत नाही, हीच तर गोम आहे!

मी तडक निघालो. लिफ्ट पकडली, वर गेलो, पलंगाखालची माझी जुनी ट्रंक ओढली. आमच्या हिनं, रत्नप्रभानं, पोळपाटावरून मान वर केली. "अहो, काय काढताय?"

"कुलूप."

"कशाला? कुणाला कोंडताय?"

"विजेला."

तिनं लाटणं खाली ठेवलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "पेन्शन घेतलीय ना तुम्ही? मग ती घ्या की गपचूप!" ऐकतोय कोण. कुलूप आणि ट्रंकेतली बाकीची हत्यारं पिशवीत घालून खाली आलो, मेन स्विच खाली ओढला, खाड्! चोवीस घरं बंद. हँडलला कुलूप लावलं, लाल रंगवलेलं, वर पुठ्ठ्याची पाटी बांधली, हिंदीत, मोठ्या अक्षरात. 'काम चालू है। हाथ मत लगाना। संभाजी खोचरे, फ्लैट ४०२।' आणि किल्ली? सेफ्टी पिनेनं बनियनला आतून. या कुलपाला दुसरी किल्ली नाही. हा आमच्या खात्याचा नियम. जो कुलूप लावतो तोच काढतो, मग ब्रिगेडियर येऊ दे नाहीतर ब्रह्मदेव.

आणि मग तुम्हाला सांगतो... पाच मिनिटांत बिल्डिंग खाली उतरली! मोर्चा हो मोर्चा! तळमजल्याच्या बाई, ज्यांच्या फ्रिजसाठी हे सगळं, त्याच पहिल्या. "अंकल, मेरी मीटिंग चल रही है, बॉस स्क्रीन पे जम गए हैं!" दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा टॉवेलवर, अंगाला साबण. "पानी की मोटर! मेरी आँख में जा रहा है!" एकजण नुसताच, "मैच है, मैच है" करत फिरतोय. वरून आमच्या हिचा आवाज चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून, आख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असा. "अहोऽऽ, मिक्सरात चटणी अर्धीच राहिलीय!" घरभेदी! आणि सगळ्यांत शेवटी खंडेलवालजी, पांढरा झब्बा, अत्तर, कपाळावर घाम. त्यांच्याकडं कोट्याहून पाहुणे यायचे होते, मुलीला बघायला. बारा वाजता. तिसऱ्या मजल्यावर.

"काकाजी, आज? आज ही? लड़के वाले आ रहे हैं! ए.सी. बंद, लिफ्ट बंद... लड़के की दादी हैं, भारी शरीर है!"

म्हटलं, "खंडेलवालजी, अर्धा तास द्या."

"अरे, बनवारी चालू में कर रहा था ना? कुछ नहीं होता!"

आता इथं माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, ठीक, काही होत नाही ना? मग या. तुम्ही धरा पाना. तुमचा झब्बा छान आहे, वर अत्तर आहे, या! दोन पावलं मागं गेले. मग म्हणाले, "मुझे कहाँ आता है..." बघा! काही होत नाही, पण ते दुसऱ्याला होत नाही! स्वतःला होतं! हे या म्हणीचं खरं व्याकरण.

मी फक्त एकच विचारलं, नीट ऐका, कारण पुढं यावरच सगळं आहे. म्हटलं, "खंडेलवालजी, जनरेटरची वायर या पट्ट्यांवर कुठं येते का?"

"नहीं जी। बिल्कुल अलग है। लिफ्ट और सीढ़ी की लाइट का अलग कनेक्शन है।"

"नक्की?"

"काकाजी, मैं सेक्रेटरी हूँ!"

आणि मी... मी मानलं हो. तिथं मी चुकलो. जनरेटर कंपाउंडच्या कोपऱ्यात, त्याची किल्ली वॉचमनकडं, ती घेऊन खिशात टाकायला कितीसा वेळ लागला असता? पण माणूस सेक्रेटरी आहे, वरून मुलीचं स्थळ, म्हटलं जाऊ दे. 'जाऊ दे' हा 'कुछ नहीं होता'चाच मिरजेकडचा भाऊ, दुसरं काय!

पाहुण्यांच्या तयारीला खंडेलवालजी वर गेले. बनवारी माझ्याकडं असा बघतोय जसा बैल कासऱ्याकडं बघतो. म्हणाला, "अब तो बंद है। अब करूँ?"

"थांब. आधी बघ वीज खरंच गेलीय का."

"ताला आपने लगाया है ना?"

"कुलूप स्विचला लावलंय. पट्टीवर वीज नाही हे कुलूप सांगत नाही. तपासायचं."

त्यानं खिशातला टेस्टर काढला, पट्टीला लावला. दिवा लागला नाही. "देखो, बंद है।" मी म्हटलं, हा टेस्टर जिवंत आहे कशावरून? समोरच्या इमारतीत वॉचमनच्या केबिनला सॉकेट होतं, तिथं वीज चालू. तिथं घेऊन गेलो त्याला. लाव. लावला... नाही लागला! पंखा गरगर फिरतोय त्याच बोर्डावर, आणि टेस्टर म्हणतोय बंद आहे! अहो, मेला होता तो टेस्टर! "कधीपासून?" बनवारी डोकं खाजवतोय. "पता नहीं सा... होली के आसपास गिरा था।" होळीपासून मे! म्हणजे दीड-दोन महिने हा माणूस मेलेल्या टेस्टरला विचारून जिवंत वायरींना हात लावत हिंडतोय, आणि दरवेळी टेस्टर सांगतोय... काय सांगतोय? कुछ नहीं होता!

मग मी माझा टेस्ट लॅम्प काढला, दोन बल्बांचा. आधी चालू सॉकेटवर लावून बघितला, लागला. मग पट्ट्यांवर, नाही लागला. परत सॉकेटवर, लागला. आता खात्री. आणि ट्रंकेतली शेवटची वस्तू काढली. जाड तांब्याची केबल, चार चिमटे. तिन्ही पट्ट्यांना एकेक चिमटा, चौथा थेट अर्थिंगच्या पट्टीला. म्हणजे चुकून कुठून वीज आलीच, तर ती माणसात शिरायच्या आधी सरळ जमिनीत जाईल, आणि तिकडचा ब्रेकर पडेल. बनवारी खदाखदा हसायला लागला. "काकाजी, पैनल को मंगलसूत्र पहना रहे हो?"

हसला तो. पण मला हसू येईना.

का येईना, ते सांगतो. घरात हिच्याशिवाय कुणाला माहीत नाही. सत्त्याऐंशी साल. उत्तरेकडची एक छावणी. माझ्या जोडीला सदाशिव, कराडचा, गावठी विनोद करायचा, तंबाखू मळायचा तो असा की बघत राहावं. तो लाइनवर, मी स्विचपाशी, मध्ये अर्धा मैल. फोन वाजला. कुणीतरी म्हणालं, "काम हो गया, चढ़ा दो।" मी विचारलं नाही कोण बोलतोय. विचारलं नाही, सदाशिव उतरला का. कुलूप नाही, पाटी नाही, केबल नाही... मी स्विच वर केला. मी. या हातानं. सदाशिव वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं गेली. अजून दर दिवाळीला फोन करतो. म्हणतो, "संभा, आता डाव्या हातानं मळतो, पहिल्यासारखी चव नाही बघ." एवढंच म्हणतो. एका शब्दानं कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

असो. कुठं होतो मी? हां, मंगळसूत्र.

तर बनवारीनं पाना लावला. जळलेला नट काही केल्या सुटेना. एक हात पट्टीवर टेकवलेला, दुसऱ्या हातानं पाना ओढतोय, घामानं बनियन चिकटलेलं, मी शेजारी टॉर्च धरून उभा. आणि नेमके तेव्हाच कोट्याचे पाहुणे वेळेच्या आधी आले, तिसऱ्या मजल्याकडं जिना चढू लागले. दादीसकट. दादी म्हणे जिन्यात दुसऱ्या वळणावर बसली ती उठेना. खंडेलवालजींनी गॅलरीतून खाली वॉचमनला हाक मारली. मी ती ऐकली हो, कानांनी ऐकली, पण अर्थ डोक्यात शिरेपर्यंत उशीर झाला. "रामधन! जनरेटर चला दे! पाँच मिनट! लिफ्ट के लिए!"

मी ओरडलो, "नकोऽऽ!" मराठीत ओरडलो! हिंदी सुचलीच नाही!

जनरेटर धडधडला... आणि धाड्! केबलच्या चिमट्यापाशी निळी ठिणगी, कोपऱ्यातलं इंजिन असं विव्हळलं जसं कुणी त्याचा गळा धरलाय, आणि मग खट्. ब्रेकर पडला. काळा धूर. आणि शांतता. अशी शांतता, की दुसऱ्या मजल्याच्या आजोबांच्या अंगावरून पाणी ठिपकताना ऐकू यावं.

बनवारी तसाच. हात पट्टीवर. पाना हातात. डोळे माझ्याकडं. मी हळूच त्याचं मनगट धरलं आणि हात काढून घेतला. थंडगार हात, पंचेचाळीस डिग्रीत.

अलग है! बिल्कुल अलग है! पॅनेलच्या मागचा पत्रा काढून बघितला, तर जनरेटरच्या वायरी सरळ त्याच पट्ट्यांवर बसवलेल्या, काळी टेप गुंडाळून! मागच्या दिवाळीच्या कार्यक्रमात कुणीतरी 'टेम्परेरी' जोडल्या होत्या, डी.जे.साठी. डी.जे. गेला, वायर राहिली. कुणी जोडल्या? कुणाला आठवत नाही. माझी ती केबल नसती, तर जनरेटरची सगळी वीज पट्टीवर, आणि पट्टीवर बनवारी, आणि बनवारीच्या पायाखाली ते लाकडाचं सरबत.

बनवारी बाहेर आला, एका गाडीच्या टायरला टेकून खाली बसला. मी पाणी दिलं, घेतलं नाही. खिशातून मोबाइल काढला, तीनदा भलताच नंबर दाबला, शेवटी मी लावून दिला. पलीकडून बायकोचा आवाज. हा काय विचारतो? विचारतो, "आज सब्ज़ी में क्या बनाया है?" ती भडकली. "काम छोड़ के ये पूछने को फ़ोन किया? टिंडे बनाए हैं।" हा म्हणाला, "अच्छा। टिंडे। अच्छे होते हैं।" आणि फोन ठेवून गुडघ्यात तोंड घालून बसला. अहो, टिंडे म्हणजे आपली ढेमसं, त्यांची भाजी बरी लागते असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला!

आता तुम्हाला वाटेल, बिल्डिंगनं माझे पाय धरले असतील. खंडेलवालजी धावत खाली आले, झब्ब्याच्या बाह्या वर, आणि पहिला प्रश्न काय? "जनरेटर किसने ख़राब किया?"

किसने! मी म्हटलं, अहो, माणूस बघा आधी, माणूस! त्यांनी बघितलं. "ठीक तो है! कुछ हुआ कहाँ?" आणि मला तिथं पहिल्यांदा कळलं, की या म्हणीला कुणीही हरवू शकत नाही. माणूस मेला तर नशीब, वाचला तर 'देखा? कुछ नहीं होता!' वाचवलं कुणी, हा प्रश्न त्या व्याकरणातच नाही हो!

संध्याकाळपर्यंत तो नट बदलून झाला, कुलूप मीच काढलं, बनवारी घरी गेला. पुढच्या रविवारी मीटिंग. ठराव लिहिला, इतिवृत्तात आहे, वाचून घ्या. 'श्री खोचरे जी की ज़िद के कारण सदस्यों को असुविधा हुई।' असुविधा! वॉचमनला बोल लावला, मला बोल लावला, जनरेटरला श्रद्धांजली वाहिली. बनवारीचं नावसुद्धा नाही. मी उठून म्हटलं, मागच्या त्या वायरी आधी काढा, आज, आत्ता. तर सगळे एका सुरात... नको, मी म्हणत नाही, तुम्हाला पाठ झालंय आता. शेवटी त्या वायरी बनवारी आणि मीच काढल्या, दुसऱ्या दिवशी, जनरेटरची किल्ली माझ्या बनियनला लावून. आणि ते कोट्याचं स्थळ जमलं बरं का! दादीला मुलगी पसंत पडली. म्हणाली, जिच्या घरचे एका म्हातारीसाठी एवढा धमाका करतात, ते माणसं जपणारे असणार. आता यावर काय बोलायचं!

पण खरी गोष्ट पुढं झाली. पावसाळ्यात आमची लिफ्ट बंद पडली. लिफ्टच्या पॅनेलमध्ये काम. मी विचारलं, "कधी करताय?" तर खंडेलवालजी इतके गोड हसले, इतके गोड, की मला तिथंच संशय आला. "काकाजी, आप गाँव कब जा रहे हैं? गणपति में तो जाते होंगे?" मग तळमजल्याच्या बाई, "अंकल, आपको मिरज की याद नहीं आती?" आजोबा, "बहू कह रही थी, आपका मन नहीं लगता यहाँ।" अहो, कळलं मला! कमिटीनं ठरवलेलं, खोचरे गावाला गेल्याशिवाय लिफ्टला हात लावायचा नाही, नाहीतर म्हातारा पुन्हा कुलूप घेऊन बसेल!

मी घाबरलो. माझ्यासाठी नाही, बनवारीसाठी. त्याला फोन केला. "बाबा, हे मी नसताना तुला बोलावतील. जपून रे."

तर तो म्हणतो, "बुलाया था सा। मैंने मना कर दिया। बोल दिया, काकाजी ताला लेकर सामने खड़े होंगे, तभी हाथ लगाऊँगा। दूसरे मिस्त्रियों को भी बोल दिया है।"

तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. एका माणसाला तरी कळलं! आयुष्यात एवढा मोठा मान मला कुणी दिला नव्हता, खात्यानंसुद्धा.

फक्त त्याचा अर्थ काय झाला बघा. मी इथं आहे तोवर कमिटी काम करू देत नाही, आणि मी इथं नसेन तर बनवारी काम करत नाही. तीन महिने झाले. लिफ्ट बंद ती बंद. आणि चौथ्या मजल्यावर राहतं कोण... मी! चला, येतो, हिनं कोथिंबीर मागवलीय, अजून चार जिने चढायचेत.